चेक इंजिनचा दिवा लागला? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, गाडी मात्र नेहमीसारखी चालत असते. गॅरेजमध्ये नेली की स्कॅनर लावतात, पडद्यावर एखाद्या सेन्सरचं नाव येतं आणि लगेच सांगितलं जातं, ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ कधी ते खरंही असतं. पण कितीतरी वेळा नवा सेन्सर बसवूनही आठवड्याभरात दिवा परत लागतो. कारण खराबी सेन्सरमध्ये नसतेच. ती सैल कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये, उंदराने कुरतडलेल्या वायरीत किंवा निसटलेल्या पाइपमध्ये असते. म्हणून सेन्सर खराब आहे हे मोजून दिसल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका. हे मोजणं नवख्यालाही जमतं. कामाचा जो क्रम हवा, त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे. लेख मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलचं शेवटी थोडं आहे.

आधी ठरवा: गाडी चालवायची की थांबवायची

दिवा पिवळा असेल, स्थिर जळत असेल आणि गाडी व्यवस्थित ओढत असेल, तर घाबरून रस्त्यात थांबायचं कारण नाही. घरी या, एक-दोन दिवसांत तपासा.

तोच दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, गाडी मिसिंग मारते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. कन्व्हर्टर भयंकर तापतो आणि कायमचा निकामी होऊ शकतो. तो भाग सेन्सरच्या कितीतरी पट महाग असतो. खंबाटकी किंवा कात्रजच्या चढावर दिवा लुकलुकायला लागला तर अॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. वाळक्या गवतावर मात्र उभी करू नका. खालचा कन्व्हर्टर तापलेला असतो.

ऑइलच्या दाबाचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तर हा लेख बाजूला ठेवा. इंजिन लगेच बंद करा आणि मदत बोलवा.

अजून एक छोटी तपासणी. चावी ऑन केली आणि इंजिन सुरू केलं नाही, तर हा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून बघा. चावी ऑन करूनही दिवा लागतच नसेल तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

लागणारं सामान

मोठा खर्च नाही. एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल (ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायची यंत्रणा), ज्याला दुकानात ईएलएम ३२७ म्हणतात, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं अॅप, एक साधा डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, आणि इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा. आयफोन असेल तर डोंगल आयफोनला चालणारा आहे ना, हे विचारूनच घ्या. जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ डोंगल त्याला जोडले जात नाहीत. मल्टिमीटर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतो. तिथेच टोकदार बारीक प्रोब आणि मगरी क्लिपा मागून घ्या, पुढे कामाला येतील.

ओबीडीचं सॉकेट सोळा पिनांचं असतं आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ मिळतं. आपल्याकडे चारचाकींना ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाला आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं. त्यामुळे २०१३ नंतरच्या गाडीत हे काम सरळ होतं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी साधा डोंगल बोलेलच असं नाही. काम झालं की डोंगल काढून ठेवा. तो लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरवतो.

कोड वाचा, लिहून ठेवा, उडवू नका

चावी ऑन करा, डोंगल लावा, अॅप जोडा आणि कोड वाचा. वाचल्या वाचल्या ‘क्लिअर’ दाबायचा मोह होतो. तो आवरा. दिवा लागला त्या क्षणी गाडीचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान आणि इंजिनावरचा भार किती होता, याची नोंद ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, जपून ठेवलेली असते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड उडवला की तीही जाते. आधी सगळ्या पडद्यांचे स्क्रीनशॉट घ्या. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट ३० अंश आणि वेग शून्य दिसला तर बिघाड सकाळच्या थंड स्टार्टला आहे. ९० अंश आणि ताशी ८० चा वेग असेल तर तो हायवेवर, भाराखाली आहे. शोध कुठून सुरू करायचा ते यावरून कळतं.

काही बिघाडांत दिवा पहिल्याच फेरीत लागत नाही. ईसीयू तो ‘पेंडिंग’ म्हणून लिहून ठेवतो आणि पुढच्या फेरीत तेच दिसलं की दिवा लावतो. म्हणून पेंडिंग कोडही बघा.

कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर विषय इंजिन किंवा गिअरबॉक्सचा. नंतर शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, मग अर्थही त्याच कंपनीच्या माहितीतून बघायचा. पण खरं महत्त्व पुढच्या मजकुराला आहे. सेन्सरचं नाव वाचून थांबू नका, त्याच्यापुढे काय लिहिलंय ते वाचा.

‘सर्किट लो’ किंवा ‘सर्किट हाय’ असं असेल, तर तक्रार विजेची आहे. पी०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा सिग्नल फार वर गेला. पी०११७ आणि पी०११८ कूलंटच्या तापमानाचे, पी०१०७ आणि पी०१०८ मॅप सेन्सरचे, म्हणजे मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणाऱ्याचे. त्या वायरीवर जेवढे व्होल्ट असायला हवेत तेवढे नाहीत, एवढंच ईसीयूला दिसलेलं असतं. वायर तुटली, कपलर निघाला, अर्थिंग गेलं किंवा सेन्सर मेला, चारही प्रकारांत कोड एकच येऊ शकतो.

‘रेंज’ किंवा ‘परफॉर्मन्स’ असं लिहिलं असेल, उदाहरणार्थ पी०१०१ किंवा पी०१०६, तर सिग्नल येतोय पण ईसीयूला तो पटत नाही. इथे सेन्सर घाण झालेला असू शकतो, तसंच एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप फाटलेला असू शकतो.

पी०१७१, पी०१७२, पी०३००, पी०४२० यांना मी वेगळं ठेवतो. मिश्रण पातळ, मिश्रण घट्ट, मिसिंग, कन्व्हर्टरची क्षमता कमी, असे हे कोड आहेत. हे परिणाम आहेत. पी०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकायचा, हा मला माहीत असलेला सगळ्यात वाया जाणारा खर्च आहे. तो सेन्सर बहुतेक वेळा खरंच सांगत असतो की एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आहे. तो जास्त का, हे शोधायचं काम पुढे राहतं.

एकदम चार-पाच सेन्सरांचे कोड आले तर चार-पाच सेन्सर एकाच दिवशी मेलेत असं समजू नका. त्यांची सामाईक वायर शोधा. आणि त्याहीआधी बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीवर साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. बॅटरी मरायला टेकली की स्टार्ट मारताना व्होल्टेज कोसळतं आणि ईसीयू भलतेसलते कोड लिहितो.

बॉनेट उघडा, आधी नुसतं बघा

इंजिन थंड, चावी ऑफ. ही पायरी लोक घाईने उरकतात आणि इथेच सगळ्यात जास्त बिघाड सापडतात.

शेवटचं काम कशावर झालं होतं ते आठवा. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांत दिवा लागला असेल तर एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा, त्याच्या पाइपाची पट्टी आणि तिथला सेन्सरचा कपलर आधी बघा. फिल्टर बदलताना कपलर काढतात आणि परत लावताना तो ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसत नाही. बाहेरून बसल्यासारखा दिसतो, खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो.

मग उंदीर. पुण्यातल्या सोसायट्यांच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये शिरतात. लेंड्या, गवत, कांद्याचं साल, फोमचे तुकडे दिसले की वायरींच्या जुडग्यावर टॉर्च मारून बोटाने चाचपत जा. वरच्या काळ्या नळीला लहानसा दात लागलेला दिसतो आणि आतली एखादीच तार अर्धी तुटलेली असते. अशी वायर थंड असताना जोडलेली राहते, इंजिन हललं की सुटते. नुसती काळी टेप गुंडाळू नका. वायर सोल्डर करून किंवा चांगल्या क्रिम्प जोडाने जोडा आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी घाला.

पावसाळ्यात पाण्याचा विचार करा. इंजिन प्रेशरने धुवून घेतलं असेल किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर संशयित सेन्सरचा कपलर उघडून आत बघा. हिरवट-पांढरा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, मग जोडा. पिना वाकलेल्या किंवा मागे सरकलेल्या आहेत का तेही बघा. कपलर ओढताना वायरीला धरू नका, लॉक दाबून प्लास्टिकला धरा. पिवळ्या कपलरना हातही लावू नका, ते एअरबॅगचे असतात. हायब्रिड गाडीत नारिंगी केबलींपासूनही लांब राहा.

थंड इंजिनावर फुकटची परीक्षा

गाडी रात्रभर उभी राहिलेली असू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि अॅपमध्ये लाइव्ह डेटा उघडा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या जवळपास आणि एकमेकांच्या दोन-चार अंशांत असायला हवेत. डिसेंबरच्या पहाटे एक १५ दाखवतोय आणि दुसरा ४५, तर कुणावर संशय घ्यायचा ते तिथेच कळलं.

याच वेळी मॅपचा आकडा बघा. ही गोष्ट पुणेकरांनी नीट लक्षात ठेवावी. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो, म्हणून सेन्सरने तोच दाखवायला हवा. इंटरनेटवरची बहुतेक माहिती समुद्रसपाटीची आहे आणि तिथे १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ९४-९५ दिसणं हेच बरोबर. तो आकडा बघून चांगला सेन्सर काढून टाकू नका. उलट इथे उभ्या असलेल्या गाडीत १०१ दिसला तर चौकशी करा. सेन्सर जागा आहे की अडकलाय याची खात्री करायची असेल तर सिंहगडावर जाताना डोंगल बरोबर घ्या. वरच्या वाहनतळावर इंजिन बंद करून चावी ऑन केली की आकडा ८७ च्या आसपास उतरलेला दिसतो. पायथ्याशी आणि वर एकच आकडा आला तर सेन्सर किंवा त्याची लाइन दोषी.

इंजिन सुरू करून गरम झाल्यावर, एसी बंद आणि आयडलिंगवर, मॅप साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. एअर फिल्टरनंतर हवेचं वजन मोजणारा मॅफ सेन्सर बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत नसतोच, त्या मॅपवर चालतात. तुमच्या गाडीत नसलेल्या सेन्सरच्या नावाने कुणी बिल करत असेल तर थांबवा.

एक सेन्सर शेवटपर्यंत तपासू: कूलंटच्या तापमानाचा

शिकायला हा सगळ्यात सोपा आहे. लक्षणं अशी: रेडिएटरचा फॅन चावी ऑन करताच फिरायला लागतो आणि थांबत नाही, अॅव्हरेज घटतो, थंड स्टार्ट नीट होत नाही. कोड पी०११८ आणि अॅपमध्ये तापमान उणे ४० अंश. पुण्यात उणे ४० कधीच नसतं. वायर तुटली किंवा सुटली की ईसीयूला दिसणारा तो टोकाचा आकडा आहे.

सेन्सर थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घराजवळ असतो, बहुधा दोन पिनांचा. काही गाड्यांत मीटरच्या काट्यासाठीही त्यातच वायर असते आणि पिना जास्त असतात. दोन पिनांचाच असेल तर पुढचं करा. फॅन अचानक सुरू होऊ शकतो, हात आणि ओढणी किंवा सैल बाही त्याच्यापासून दूर ठेवा.

चावी ऑफ करून कपलर काढा. चावी ऑन करा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कपलरच्या दोन पिनांत मोजा. ५ व्होल्टच्या जवळपास मिळायला हवेत. मिळाले म्हणजे ईसीयूपासून इथपर्यंतची वायर आणि अर्थिंग दोन्ही शाबूत आहेत. आता कपलरच्या त्या दोन पिना एका बारीक वायरीने एकमेकींना जोडा आणि अॅप बघा. तापमान उणे ४० वरून एकदम शंभराच्या बरंच वर उडी मारतं. उडी मारली की वायरिंग आणि ईसीयू निर्दोष, दोष सेन्सरमध्ये. आकडा जागचा हलला नाही तर नवा सेन्सर लावून काही होणार नाही, वायर शोधा. काही गाड्यांचा ईसीयू बिघाड ओळखताच स्वतःच ठरवलेला एखादा मधला आकडा दाखवतो. तिथे व्होल्टच्या मोजणीवर विसंबा.

हा पिना जोडायचा प्रयोग फक्त दोन पिनांच्या तापमान सेन्सरवर करायचा. तीन पिनांच्या मॅप किंवा थ्रॉटल (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) सेन्सरच्या कपलरमध्ये असं काही जोडू नका. तिथे ५ व्होल्टचा पुरवठाच अर्थिंगला भिडेल.

नंतर चावी ऑफ करून सेन्सरच्याच दोन पिनांत ओहम मोजा. तापमान वाढलं की रोध कमी व्हायला हवा. बऱ्याच गाड्यांत २०-२५ अंशांना साधारण २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना तीन-चारशे ओहम मिळतात. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो. घसरण आहे की नाही ते बघा. मीटरने अनंत दाखवलं तर सेन्सर आतून तुटलेला आहे.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफेने भाजतं. सेन्सर काढला की थोडं कूलंट सांडेल. नंतर त्याच प्रकारचं कूलंट भरा, नळाचं पाणी नको.

इथेच पी०१२८ बद्दल सांगतो, कारण त्यात सेन्सरवर फुकट आळ येतो. इंजिन ठरलेल्या वेळात गरम होत नाही, अशी ती तक्रार आहे. आपल्याकडे ‘गाडी तापू नये’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची जुनी सवय काही गॅरेजांना आहे. मग इंजिन कायम गार राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि हा कोड येतो. इलाज थर्मोस्टॅट परत बसवणं हाच.

तीन पिनांचे सेन्सर

मॅप, थ्रॉटलची पोझिशन, काही कॅम सेन्सर यांना तीन वायरी असतात: पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. कपलर काढून, चावी ऑन करून पुरवठा आणि बॅटरीची ऋण बाजू यांत मोजा. मॅप आणि थ्रॉटलला ५ व्होल्ट हवेत. अर्थिंगची वायर मोजायला कपलर परत लावा आणि मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, बारीक पिन सरकवा. तिथून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. जास्त असेल तर अर्थिंगचा नट गंजलाय किंवा पट्टी सैल आहे. वायरीच्या प्लास्टिकमध्ये टोचून मोजू नका. ते भोक पुढच्या पावसाळ्यात पाणी आत घेतं आणि तार आतून हिरवी पडते. ईसीयूच्या वायरींवर बल्बचा टेस्टरही लावू नका.

५ व्होल्ट अजिबात मिळत नसतील तर त्याच पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. एखादा काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले, तर तो आतून शॉर्ट होऊन सगळ्यांना खाली ओढत होता. ज्याचा कोड आला तो सेन्सर तेव्हा निर्दोष असतो.

ऑक्सिजन सेन्सर आणि फ्यूल ट्रिम

‘बँक १ सेन्सर १’ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, ‘सेन्सर २’ म्हणजे नंतरचा. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग. आपल्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत ती एकच असते. पी०१३५ किंवा पी०१४१ आला तर तक्रार सेन्सरच्या आतल्या हीटरची आहे. आधी फ्यूज बघा, मग हीटरच्या दोन पिनांत ओहम मोजा. चालू हीटर थोडेच ओहम दाखवतो, जळलेला अनंत.

हीटर चांगला असेल तर इंजिन गरम करून २५०० आरपीएमला धरा. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली झाला पाहिजे. मागचा बऱ्यापैकी स्थिर. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकलाय, सेन्सर बरोबर सांगतोय. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, तिथे ही वर-खाली दिसणार नाही.

मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ आला तर लाँग टर्म फ्यूल ट्रिम बघा, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा. उणे ५ ते अधिक ५ टक्के निरोगी. १० च्या पुढे लक्ष द्या. आकडा आधी आयडलिंगला, मग २५०० आरपीएमला लिहा. आयडलिंगला जास्त आणि रेस वाढवल्यावर कमी होत असेल तर थ्रॉटलनंतर कुठेतरी हवा ओढली जातेय: फाटकी व्हॅक्यूम नळी, मॅनिफोल्डची गॅस्केट. कान लावला तर ‘स्स’ ऐकू येतं. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारू नका, आग लागते. उलट भार वाढल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा मॅफ घाण झालाय. मॅफ फक्त मॅफ क्लीनरनेच साफ करा, तारेला बोट किंवा कापड लावू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

इथे दोन गोष्टींचा हिशेब धरा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, त्यामुळे ट्रिम थोडा अधिककडे झुकलेला दिसू शकतो. दुसरं, सीएनजी. बाहेरून बसवलेल्या किटच्या गाडीत कोड कोणत्या इंधनावर आला ते बघा. कोड उडवून चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. दिवा लागला नाही, तर सेन्सरकडे न जाता किटवाल्याकडे ट्युनिंग, फिल्टर आणि नळ्या तपासून घ्या.

क्रँक सेन्सर: याला थांबवून ठेवू नका

पी०३३५ आला, गाडी गरम झाल्यावर चालता चालता बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का आणि किती वेगाने हे ईसीयूला सांगणारा सेन्सर, किंवा त्याची वायर. स्टार्ट मारताना अॅपमध्ये आरपीएम बघा. इंजिन फिरतंय पण आकडा शून्य, तर सिग्नल येत नाही. नवले पुलाच्या उतारावर गाडी बंद पडली तर मागून ट्रक असतो. हा कोड असताना हायवेवर जाऊ नका.

सेन्सर विकत घेताना आणि बसवताना

जुना सेन्सर काढून त्याच्यावरचा पार्ट नंबर वाचा. कंपनीच्या स्पेअर काउंटरवर चेसिस नंबर दिला की नेमका पार्ट निघतो. नाना पेठेतल्या ऑटो स्पेअरच्या दुकानांतही नावाजलेल्या कंपन्यांचे सेन्सर मिळतात. जुना नमुना बरोबर न्या, पक्कं बिल घ्या, कपलरचा आकार आणि पिनांची संख्या दुकानातच जुळवून बघा. ऑक्सिजन सेन्सर आणि क्रँक सेन्सर यांत अगदी स्वस्ताच्या मागे जाऊ नका, माझ्या मते तिथे वाचवलेले पैसे वाचत नाहीत.

पी०३०१ सारखा एका सिलिंडरच्या मिसिंगचा कोड असेल आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर काही विकत घेण्याआधी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा वायर बघा.

ऑक्सिजन सेन्सर थोड्या कोमट सायलेन्सरवर सहज निघतो, गरमवर हात भाजतो. टोकाला ग्रीस किंवा सिलिकॉन लागू देऊ नका.

बसवल्यानंतर

आता कोड उडवा. नंतर चार-पाच दिवस नेहमीसारखी गाडी चालवा: सकाळचा थंड स्टार्ट, शहरातली गर्दी, आणि एकदा बायपासवर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने. अॅपमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ पूर्ण झालेले दिसले आणि पेंडिंगमध्ये काही नाही, म्हणजे ईसीयूने स्वतः सगळं तपासून घेतलं. चावी ऑन करताच तोच कोड परत आला तर सर्किट अजून तुटलेलंच आहे. आठवड्याने आला तर खराबी अधूनमधून येणारी आहे. इंजिन चालू ठेवून, लाइव्ह डेटा बघत, त्या सेन्सरची वायर हळूच हलवत जा आणि आकडा कुठे उडतो ते पकडा.

गॅरेजवर सोपवताना

गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात न लावता अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. कोड आणि फ्रीझ फ्रेमचे स्क्रीनशॉट मात्र स्वतःजवळ ठेवा. बाहेरच्या गॅरेजात ते दाखवा आणि शांतपणे विचारा, ‘दादा, वायर आणि ५ व्होल्ट तपासले का? किती आले?’ चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन या प्रश्नाने चिडत नाही, मोजून दाखवतो. मोजमापाची मजुरी मागितली तर ती आनंदाने द्या. तपासणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते नुसत्या पार्ट बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. बदललेला जुना सेन्सर परत मागून घ्या आणि त्यावरचा नंबर बिलाशी जुळवा.

डिझेलमध्ये कोड वाचणं, कपलर आणि वायरी बघणं, तापमान सेन्सर मोजणं, इथपर्यंत घरी करा. कॉमन रेलच्या पाइपांचे नट मात्र सैल करू नका. आत हजार बारच्या वर दाब असतो आणि त्या दाबाने उडालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं. तसं झालं तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी घरी थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना दाबाखालचं डिझेल टोचलं आहे असं स्पष्ट सांगा.